शकुनबाईनं दम धरला

दिघोरीच्या तलावाच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला टिकारामच्या धानाच्या बांध्या. मध्ये सगळं पाणी. दुपारी सयपाक झाला की त्याची बायको शकुनबाई घरामागच्या सांदवाडीत यायची, कमरेवर हात ठेवायची आणि हाक मारायची, "अवो तुळसाचे बाबूजी, जेवाले याऽऽ!" हाक पाण्यावरून सरळ पलीकडे जायची. टिकाराम तर उठायचाच, पण आजूबाजूच्या बांध्यांतले गडीही काम टाकून उठायचे. शकुनबाईची हाक झाली आणि आपण घरी पोचलो नाही, तर आपल्या घरी काय होईल हे ज्याचं त्याला ठाऊक होतं.

तुळसा ही त्यांची एकुलती लेक. तिला तुमसरला दिली होती. जावई मंगरू तिथल्या राइस मिलमध्ये कामाला होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रीत, म्हणून लेक सासरी गेल्यावरही हाकेत ती राहिलीच.

शकुनबाईचा गळा गावाच्या उपयोगाचा होता. धान भरून आलं की राघूंचे थवे उतरायचे. बाकीचे लोक बुजगावणी उभी करायचे, डबे वाजवायचे. टिकारामला असलं काही करावं लागलं नाही. शकुनबाई बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभी राहून एकदा ओरडली की राघू उठून श्यामरावच्या बांधीत जाऊन बसायचे. श्यामराव शेजारचाच. त्याचा तिच्यावर तेवढ्यापुरता राग होता. रोवण्याच्या दिवसांत मात्र तोच सगळ्यांच्या आधी तिला बोलवायला यायचा. चिखलात वाकून धानाच्या रोपांचे पऱ्हे लावताना गाण्याची पहिली ओळ शकुनबाईनं उचलली की मागच्या बाया आपोआप हात चालवायच्या. ती गप्प बसली की रोवणा रेंगाळायचा.

टिकाराम याच्या अगदी उलट. मोजकं बोलायचा आणि विडी ओढायचा. बोलायची वेळ आली की विडी पेटवायचा, आणि ती संपेपर्यंत शकुनबाईनं त्याच्या वाटचं बोलून टाकलेलं असायचं.

एक्याऐंशी सालच्या पुसाच्या थंडीत गावात सर्दी-तापाची साथ आली. घराघरांत लोक गोधड्या घेऊन पडले. अंग ठणकायचं, घसा धरायचा, डोकं फुटायला व्हायचं. बहुतेक जण आठवड्याभरात उठले. शकुनबाईही उठली. ताप गेला, अंगदुखी गेली, तोंडाला चव आली. तिनं अंगण सारवलं, चूल पोतारली आणि दुखणं संपलं असं जाहीर केलं.

दुखणं संपलं नव्हतं. चुलीपुढं बसून फुंकणी तोंडाला लावली की दोन फुंकांनंतर खोकल्याची उबळ यायची, ती थांबतच नसे. विहिरीवरून पाण्याची एक गुंड भरून आणायची, तर दारात टेकावं लागायचं. रात्री आडवं झालं की छातीत मांजर गुरगुरावं तसा आवाज. तिनं हे कोणाला सांगितलं नाही. आपल्याला दम लागतो हे सांगायलाही तिला लाज वाटत होती.

पण ते एका दुपारी साऱ्या गावाला कळलं. टिकाराम तलावापलीकडं लाखोरीच्या पिकातली ढोरं हाकलत होता. शकुनबाई नेहमीसारखी सांदवाडीत आली, कमरेवर हात ठेवले आणि तिनं हाक मारली, "अवो तुळसा..." पुढं आवाजच निघाला नाही. दम तिथंच सरला. ती कपडे धुवायच्या दगडावर बसून खोकत राहिली.

पलीकडं टिकारामनं 'तुळसा' एवढंच ऐकलं. लेक आली! सणवार नाही, निरोप नाही, अशी अचानक कशी आली? सासरी काही भांडण तर नाही झालं? त्यानं हातातली काठी टाकली आणि तलावाच्या पाळीवरून अर्धा चालत अर्धा पळत निघाला. वाटेत श्यामरावनं विचारलं तर तुळसा आल्याचं सांगून मोकळा झाला. श्यामरावनं आपल्या बायकोला, गोदावरीबाईला, सांगितलं. ती पोरीसाठी वाटीत बेसनाचं चून घेऊन आली. टिकाराम धापा टाकत अंगणात शिरला तेव्हा गोदावरीबाई घरभर तुळसाला शोधत होती.

"कोठी आहे तुळसा?" त्यानं विचारलं.

"तुळसा नाही," शकुनबाई एकेक शब्द वेगळा करून म्हणाली. "वरण... थंडं... होऊन राहिलं."

टिकारामनं तिच्याकडं नीट पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला एक वाक्य तीन तुकड्यांत बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तो तिला लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं निर्मलाबाई नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी शकुनबाईची छाती पुढून-मागून तपासली, जीभ पाहिली, नखं पाहिली, ओठ पाहिले. थुंकी तपासायला ठेवून घेतली. वजन घटलं का, रात्री घाम येतो का, खोकल्यात रक्त पडतं का, असं सगळं विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजावून सांगितलं.

"बाई, ताप गेला, पण श्वासाच्या नळ्या अजून सुजलेल्या आहेत. पाय मुरगळला तर दुसऱ्या दिवशी धावतो का आपण? छातीचंही तसंच आहे. बरी होईल, पण वेळ घेईल. दोन महिनेही लागतील."

शकुनबाईनं बाही वर केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सुईची गरज नाही. शकुनबाईनं बाही तशीच धरून ठेवली. एवढ्या लांब एस.टी.नं यायचं आणि सुई न घेता परत जायचं, गावात सांगायचं काय?

डॉक्टरीणबाईंनी खोकल्याच्या गोळ्या दिल्या आणि बाकीचं सारं तोंडीच सांगितलं. कोमट पाणी भरपूर प्यायचं. निजताना उशाखाली दोन वाकळी जास्त घालायच्या. रोज थोडं चालायचं, दम लागायच्या आधीच थांबायचं. नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, हळूहळू सोडायचा. पुन्हा ताप आला, रक्त पडलं, छातीत दुखायला लागलं, बसल्याजागी दम लागला किंवा ओठ निळे दिसले, तर घरी थांबायचं नाही, तडक दवाखान्यात यायचं.

"आणि धूर बंद," त्या शेवटी म्हणाल्या. "चुलीचाही आणि विडीचाही."

"मी कोठी विडी वढतो जी?" शकुनबाईनं विचारलं.

"तुम्ही नाही, हे ओढतात." डॉक्टरीणबाईंनी टिकारामच्या खिशाकडं बोट दाखवलं. टिकारामनं खिशावर हात ठेवला, पण बंडलाचं टोक वर आलेलंच होतं.

दोघं एस.टी.नं परत निघाली. दिघोरीचा फाटा आल्यावर टिकारामनं विचारलं, "मंग सयपाक कोन करन?"

शकुनबाईनं त्याच्याकडं बोट दाखवलं. बोलायला दम नव्हता, आणि गरजही नव्हती.

तुळसा येऊन आठवडाभर राहिली. तेवढ्यात तिच्या सासूचे, आनंदाबाईचे, निरोपावर निरोप आले, म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकाराम चुलीपुढं बसला. उभं आयुष्य धान पिकवलेला माणूस, पण तांदळाला पाणी किती घालायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. शकुनबाई अंगणात उन्हाला बाज टाकून बसलेली. तिला आत यायची बंदी आणि ओरडायचीही बंदी. म्हणून टिकाराम दर वेळी बाहेर यायचा, तिच्या तोंडाजवळ कान न्यायचा, एक शब्द घ्यायचा आणि आत जायचा. 'दोन बोटं.' पुन्हा बाहेर. 'बोटं आडवी.' तोवर खालून लागलेलं असायचं. पहिल्या दिवशीचा भात वर कच्चा, मध्ये शिजलेला आणि खाली जळलेला होता. गोदावरीबाईनं येऊन झाकण उघडून पाहिलं आणि एका गंजात तीन भात करायची कला भाऊजींनी कुठून उचलली असं विचारलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या बाया काही ना काही मागायला येऊन गेल्या. कोणाला मीठ हवं होतं, कोणाला विस्तव. सगळ्यांना चुलीपुढं बसलेला टिकाराम पाहायचा होता.

टिकारामला मात्र हसू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. लाकडं ओली होती. फुंकलं की धूर, थांबलं की अधिक धूर, आणि तो जायला वाट नाही. तो खोकत अंगणात आला.

"अवं, तू याच्यात कशी बसत होतीस?" त्यानं विचारलं.

"लाकडं कोन आनते?" शकुनबाई म्हणाली.

त्याला आठवलं. ओलं लाकूड नका आणू, हे ती दर पावसाळ्यात सांगायची आणि तो दर पावसाळ्यात विडी पेटवायचा. जंगलातून हाताला लागेल ते तोडून आणायचं, टाकायचं, त्याचं काम तिथं संपायचं. त्या दिवशी दुपारी त्यानं सगळा ढीग उपसला. ओली लाकडं भिंतीला उन्हात उभी केली, वाळलेली बारीक फोडून सपरीत रचली. मग शिडी लावून छपरावर चढला आणि चुलीच्या बरोबर वरची काही कवेलू काढली. खालून गोदावरीबाई ओरडली की पावसाळ्यात चुलीत पाणी पडेल. पावसाळ्याचं पावसाळ्यात पाहू, असं तो वरूनच म्हणाला. टिकाराम कोणाला वरून उत्तर देतो हे गावाला नवीन होतं.

विडीचा प्रश्न त्याहून अवघड होता. घरात नाही, अंगणात नाही, म्हणून त्याला तलावाच्या पाळीपर्यंत जावं लागायचं. तिथं पोचला की आठवायचं, भात चुलीवर आहे. अर्धी विडी टाकून परत. असं पुन्हा पुन्हा झालं की विडीपेक्षा चालणंच जास्त व्हायला लागलं. फाल्गुन येईपर्यंत त्याचं एक बंडल इतके दिवस पुरू लागलं की पानठेलेवाल्यानं तो दुसरीकडून घेतो की काय अशी चौकशी केली.

गावानं आपापले उपाय सांगितले. कोणी बकरीचं दूध सांगितलं, कोणी छातीला चोळायला मोहाचं तेल. शकुनबाई सगळ्यांना मान हलवायची. मान हलवायला दम लागत नाही. पण एका संध्याकाळी, टिकाराम बाहेर गेलेला असताना, गोदावरीबाई तिची दृष्ट काढायला आली. हाक गेली म्हणजे कोणाची तरी नजर लागली, असं तिचं पक्कं मत. तिनं मीठ-मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या ओवाळल्या आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. क्षणात घरात कोणी थांबू शकेना. गोदावरीबाई पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. शकुनबाई भिंतीला धरून कशीबशी अंगणात आली आणि खाली बसली. खोकून खोकून तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला.

टिकाराम परत आला तो हे दृश्य. त्यानं तिला पुढं झुकवून, हात गुडघ्यांवर ठेवायला लावून बसवलं आणि समोर स्वतः ओठांचा चंबू करून बसला. "माह्याकडे पाह्य. नाकानं घे. आता फुंकर घाल, हळू. चहा गरम आहे." ती त्याच्याकडं पाहत फुंकर घालू लागली. गोदावरीबाई दूर उभी राहून रडवेली झाली होती, पण नकळत तिच्याही ओठांचा चंबू झाला. तिघंही बराच वेळ तशीच नसलेल्या चहावर फुंकर घालत राहिली. हळूहळू उबळ बसली.

बोलता येऊ लागल्यावर शकुनबाईनं विचारलं, "गोदावरी, नजर लागली असन त मिरचीचा ठसका लागत नाही म्हनतेत ना?"

गोदावरीबाईनं मान हलवली.

"मंग गावात कोनाचीच नजर नाही लागली मले. साऱ्या मोहल्ल्याले ठसका लागला."

ती हसली आणि पुन्हा खोकली. त्या मिरच्यांनी तिला चांगलंच मागं नेलं. दोघं पुन्हा लाखांदूरला जाऊन आली. थुंकीत काही निघालं नव्हतं, म्हणजे क्षय नव्हता, हे ऐकून टिकारामनं डॉक्टरीणबाईंना दोनदा नमस्कार केला. गोदावरीबाई त्यानंतर रोज यायची ती रिकाम्या हातानं. पुढं पुढं तीच वरण टाकून द्यायला लागली, कारण टिकारामच्या वरणात डाळ शोधावी लागे.

खरी परीक्षा शकुनबाईला बरं वाटायला लागल्यावर आली. लाखोरी कापायला आली होती. एका सकाळी छाती मोकळी वाटली, म्हणून ती टिकारामला न सांगता विळा घेऊन बांधीत गेली. तास-दीड तास कापणी केली. फार छान वाटलं. मग भारा बांधून डोक्यावर घेतला. धुऱ्यावर चार पावलं टाकली आणि दम सरून भाऱ्यासकट तिथंच थांबली. श्यामरावनं भारा उतरवून घेतला आणि तिला बैलगाडीत बसवून घरी आणलं. तिला पुढचे दिवस बाजेवर काढावे लागले. टिकाराम रागावला नाही. त्यानं फक्त त्या दिवशीपासून विळे कुलपात ठेवले आणि किल्ली करगोट्याला बांधली.

त्यानंतर तिनं दम धरला. दम धरायचा म्हणजे दमाची घाई करायची नाही, हे तिला बाजेवर पडल्या पडल्या पटलं होतं. रोज सकाळी उन्ह चढायच्या आत दोघं पाळीवर चालायला निघाली. पहिल्या दिवशी वडापर्यंत. बरं वाटलं तरी वडापर्यंतच. काही दिवसांनी देवळापर्यंत. पण गावात असं कोणी चालत नसे. नवरा-बायको बरोबरीनं, हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. जो भेटेल तो विचारी, "कोठी चालले जी?" कुठंच नाही, हे उत्तर कोणाला पटेना. शकुनबाईला उत्तर देता देताच दम लागायचा. शेवटी टिकारामनं तोड काढली. तो खांद्यावर कुऱ्हाड घेऊन निघू लागला. कुऱ्हाडवाल्या माणसाला कोणी कुठं चालला विचारत नाही. त्या कुऱ्हाडीनं त्या काळात एक काडीही तोडली नाही.

चालताना टिकाराम बोलायला लागला. शकुनबाईला जपून बोलावं लागायचं, तेव्हा बोलायची जागा रिकामी होती. त्यानं तिला पाळीवरच्या पाखरांबद्दल सांगितलं, लहानपणी तलावात बुडता बुडता कसा वाचला ते सांगितलं, तुळसाच्या लग्नात तो गोठ्यामागं जाऊन रडला होता हेही सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तिनं गोदावरीबाईला सांगितलं की आपला माणूस मुका नव्हता, त्याची बोलायची पाळीच येत नव्हती.

आखाडात रोवणा लागला. श्यामराव नेहमीसारखा बोलवायला आला, पण दारात घुटमळला. शकुनबाई आपणहून उठली. मात्र आधीच सांगितलं, की ती पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहणार नाही, अर्ध्या ओळीला थांबेल, आणि थांबली तर कोणी घाबरायचं नाही. चिखलात वाकून तिनं ओळ उचलली. अर्ध्यात श्वास घ्यायला थांबली. मागून गोदावरीबाईनं उरलेली अर्धी ओढली, जरा बेसूरच. बायांना हसू आलं, पण हात थांबले नाहीत. पुढच्या ओळीला आणखी एक जण धावली. त्या वर्षीपासून रोवण्याचं गाणं असं वाटून घेऊन चालू लागलं. दिवाळीपर्यंत शकुनबाईचा दम बहुतेक परत आला. सगळा आला की नाही ते सांगता येत नाही. चढावर ती थांबायची. पण त्यावर्षी राघूंनी श्यामरावकडं जायचा रस्ता पुन्हा धरला.

टिकारामनं सयपाकघर पूर्ण सोडलं नाही. सकाळचा भात त्याच्याकडंच राहिला. कवेलू काढलेल्या जागी त्यानं पत्र्याची टोपी बसवली, धूर बाहेर जाईल आणि पाऊस आत येणार नाही अशी. आसपासच्या घरांवरही तशा टोप्या दिसू लागल्या. पहिली गोदावरीबाईच्या घरावर बसली.

तीन वर्षांनी, चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात, तुमसरहून निरोप आला की मंगरूला तापाची साथ लागली होती, ताप गेला पण खोकला जात नाही. शकुनबाई पहिल्या एस.टी.नं गेली. मंगरू ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच मिलवर गेला होता. कोंड्याच्या धुळीत दिवसभर उभं राहायचं आणि घरी येऊन खोकत पडायचं. शकुनबाईनं त्याला आधी दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. मग विहीणबाईंच्या पुढ्यात बसून विनंती केली की पोराला काही दिवस मिलवर पाठवू नका. आनंदाबाईला मुलाच्या सासूनं येऊन आपल्या घरात हुकूम सोडणं रुचलं नाही. त्या म्हणाल्या की काम सुटलं तर परत कोण देईल?

हे खोटं नव्हतं. म्हणून शकुनबाई मिलवर गेली. केशवराव मुनीम गल्ल्यावर बसले होते. एवढ्या यंत्रांच्या गोंगाटात त्यांना बायकांचं बोलणं ऐकू येत नसे. हिचं आलं.

"मालक, मंगरूले काट्यावर बसवा. पोते मोजन. पन कोंड्यात महिनाभर उभा करू नोका. आता जपला त दहा वर्सं काम करन तुमचं."

केशवराव म्हणाले की ते मालक नाहीत, मुनीम आहेत. शकुनबाई म्हणाली की मालक येईपर्यंत ती इथंच बसते. ती पोत्यावर बसली. मालक यायच्या आत केशवरावांनी मंगरूला काट्यावर बसवायचं कबूल केलं.

महिन्याभरानं मंगरू कोंड्याकडं परत गेला तो नाका-तोंडाला ओला दुपट्टा बांधून. सोबतचे हमाल त्याला नवरी म्हणून चिडवायचे. नंतर त्यांतल्या काहींनी आपलेही दुपट्टे ओले केले. शकुनबाई मात्र मंगरू काट्यावर बसू लागला तेव्हाच परत निघाली होती. आनंदाबाई तेव्हा अजून थोड्या फुगलेल्या होत्या, पण तिला निरोप देताना त्यांनी तिच्या पिशवीत तिळाचे लाडू घातले आणि खोकल्यावर काय काय करायचं ते पुन्हा एकदा सांगा म्हणाल्या.

टिकाराम तिला न्यायला आला होता. परतीच्या एस.टी.त मागच्या बाकड्यावर कोणीतरी विडी पेटवली. शकुनबाईनं मागं वळून पाहिलं आणि शेजारची खिडकी पूर्ण उघडली. जानेवारीचं गार वारं भसकन आत आलं. सगळी गाडी कुडकुडली. कंडक्टरनं मागच्या माणसाला विडी विझवायला सांगितली. टिकारामनं मफलर कानांवर ओढला, लाडवाची पिशवी मांडीवर घेतली आणि दिघोरीची गाडी धरायला साकोलीला उतरेपर्यंत तो खिडकी लावू या असं एकदाही म्हणाला नाही.